विजयी आहेस म्हणतात, मग रात्री झोप का येत नाही?

प्रश्न : मावशी, प्रभूच्या नावात सलाम. मी भांडुपला राहते, मुलुंडला एका मेडिकलच्या दुकानात बिलिंगला आहे. मिस्टरांची नोकरी जाऊन सात महिने झाले, सासूबाईंचं आठवड्यातून दोनदा डायलिसिस, मुलगा नववीत. आमच्या चर्चच्या मंडळीत दर रविवारी सांगतात की तुम्ही ख्रिस्तात विजयी आहात, तोंडातून पराभवाचा शब्द काढायचा नाही, फक्त विजय कबूल करायचा. मी पण करते, देवाने माझ्यासाठी काय केलं ते सांगायला साक्षीला उभी राहते, सगळे आमेन म्हणतात. आणि घरी आले की मुलावर ओरडते, परवा तर हात उचलला. रात्री तीनला जाग येते ती येतेच, छातीत धडधडतं. मग वाटतं मी नुसतं नाटक करतेय, माझा विश्वासच खोटा आहे. विजय मिळालाय तर मला का दिसत नाही?
— एक बहीण, भांडुप

उत्तर : बाळा, तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि दुसऱ्यांदा वाचताना रडले, कारण हे सगळं मी भोगलंय. माझे मिस्टर आजारी होते तेव्हा हॉस्पिटलच्या बाकावर मी बारा रात्री काढल्या. कोणी भेटायला आलं की मी लगेच म्हणायचे, आम्ही विजयात आहोत, देवाची स्तुती असो. आमचे म्हातारे पाळक एका रात्री उशिरा आले, त्यांनाही मी तेच म्हटलं. ते काही बोलले नाहीत, शेजारी बसले, थर्मास उघडला, झाकणात चहा ओतून माझ्या हातात दिला आणि म्हणाले, चहा घे, आणि मग स्तोत्र 88 वाच. मी वाचलं. बाकीची दुःखाची स्तोत्रं शेवटी कुठेतरी उजेडात येतात, हे येत नाही, ते अंधारातच संपतं, शेवटचा शब्दसुद्धा अंधारच. आणि तरी ते बायबलमध्ये आहे, देवाने ते गाळलं नाही. त्या रात्री मी पहिल्यांदा मोकळी रडले आणि खरं सांगते, त्या रात्री मला प्रभू जितका जवळ वाटला तितका त्याआधीच्या अकरा रात्रींत वाटला नव्हता.

तुझ्या पाळकांना मी नावं ठेवत नाहीये, वचन खरंच आहे, रोमकरांस पत्र 8:37, ज्याने आपल्यावर प्रीती केली त्याच्या योगे आपण महाविजयी ठरतो. फक्त त्या वचनात अजून तीन शब्द आहेत जे घाईत राहून जातात, 'ह्या सर्व गोष्टींत'. ह्या गोष्टी म्हणजे कुठल्या ते हे पत्र लिहिणाऱ्या प्रेषित पौलाने दोनच ओळी आधी सांगितलंय, क्लेश, आपत्ती, छळ, उपासमार, नग्नता, संकट, तरवार. आणि मधल्या ओळीत तर तो स्तोत्र 44 मधलं वधाच्या मेंढरांचं वचन घेतो, म्हणजे कापायला नेलेल्या मेंढरांसारखी आमची गत आहे असं म्हणून लगेच पुढे महाविजयी म्हणतो. ह्या गोष्टींतून सुटून नाही, ह्या गोष्टी संपल्यावर नाही, ह्या गोष्टींत. तुझ्यापुरतं बोलायचं तर नोकरी नसताना, डायलिसिसच्या खर्चात, रात्री तीन वाजता.

आणि पराभवाचं बोलायचंच नाही हा नियम पौलाला माहीत नव्हता बघ. करिंथकरांस दुसऱ्या पत्रात पहिल्याच अध्यायात तो लिहितो की आशियात आमच्यावर इतकं ओझं आलं की जगायची आशाच उरली नव्हती. अकराव्या अध्यायात हिशेबच मांडतो, पाच वेळा एकोणचाळीस फटके, तीन वेळा छड्या, तीन वेळा जहाज फुटलं. आणि बाराव्यात तो शरीरातला काटा, म्हणजे सतत छळणारं दुखणं, जो काढून टाक म्हणून तीनदा विनवलं आणि प्रभूने काढला नाही, माझी कृपा तुला पुरे आहे एवढंच म्हणाला. हा माणूस नाटक करत होता असं तू म्हणशील का?

मला वाटतं घोटाळा इथे होतो की आपण विजय ही एक फीलिंग समजतो, छाती भरून आली म्हणजे विजय, धडधडली म्हणजे हार. तू रोज भांडुप ते मुलुंड जातेस, तुझ्याकडे महिन्याचा पास असेलच. प्लॅटफॉर्मवर टीसी दिसला की पास असूनसुद्धा क्षणभर धस्स होतं की नाही, हात आपोआप पर्सकडे जातो, चाचपून बघतो, असतो तिथेच. धस्स झालं म्हणून पास रद्द होत नाही, तो काढताना पैसे भरलेत, त्यावर तारीख आहे. आणि पास आहे म्हणून बसायला सीट मिळते असंही नाही, गर्दीत दांडी धरून, कोणाच्या तरी बॅगेचा कोपरा बरगडीत घेऊनच जावं लागतं. तुझा विजय वधस्तंभावर झालाय, 'पूर्ण झाले आहे' असं प्रभू म्हणाला तेव्हा त्याची किंमत चुकती झाली, तिसऱ्या दिवशी कबर रिकामी झाली. तो तुझ्या धडधडीवर अवलंबून नाही. योहान 16:33 मध्ये त्याने दोन्ही एका दमात सांगितलंय, जगात तुम्हाला क्लेश होतील आणि मी जगाला जिंकलं आहे, आणि हे बोलला कधी तर पकडून नेण्याच्या आदल्या तासांत, समोर वधस्तंभ दिसत असताना.

आपल्या मातीतलंच उदाहरण सांगते. पंडिता रमाबाई. दुष्काळात आईवडील गेले, लग्नाला दोन वर्षं होतात न होतात तोच 1882 मध्ये नवरा कॉलऱ्याने गेला. 1883 मध्ये बाप्तिस्मा झाला पण त्यांनी स्वतःच नंतर लिहून ठेवलंय की मला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त स्वतः अजून मिळाला नव्हता, ती खात्री यायला पुढे काही वर्षं गेली. ह्याच आपल्या मुंबईत 1889 ला त्यांनी विधवांसाठी शारदा सदन काढलं, पुढे केडगावला मुक्ती मिशन. आणि 1921 मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा, जिच्या हाती सगळं सोपवायचं होतं, तीच आधी गेली. बाई तेव्हा हिब्रू आणि ग्रीकवरून मराठी बायबलचं भाषांतर करत होत्या. मुलगी गेल्यावरही ते काम त्यांनी सोडलं नाही, हातावेगळं केलं आणि एप्रिल 1922 मध्ये प्रभूकडे गेल्या, छापून पूर्ण झालं ते त्यांच्यामागे. विजयी जीवन म्हटलं की मला टाळ्या नाही आठवत, ती लेक गेल्यावर पुन्हा कागद पुढे ओढून बसलेली ऐकू न येणारी म्हातारी बाई आठवते.

आता मुलाचं. ह्यात मात्र मी तुला पाठीशी घालणार नाही. हात उचललास ते चुकलं, आणि ते तू स्वतः लिहिलंस म्हणून मला तुझ्याबद्दल आशा आहे. विश्वास खोटा असता तर तुला टोचलंच नसतं. देवाकडे क्षमा मागितली असशील, आता मुलाकडे माग. ओरडल्यावर दोन दिवसांनी शिरा करून द्यायचा आणि विषय संपला असं आपल्याकडे चालतं, तसं नको. समोर बसवून सांग की मी चुकले, मी घाबरलेली असते आणि ते तुझ्यावर निघतं, तुझा दोष नाही. नववीतल्या पोराला कळतं सगळं, घरात पैसे नाहीत हेही त्याला माहीत आहे, फक्त कोणी त्याच्याशी बोललेलं नाही.

रात्रीच्या जागेपणाबद्दल डॉक्टरकडे जा, तुझ्या दुकानातूनच स्वतःच्या मनाने गोळी उचलून घेऊ नकोस. डॉक्टरकडे जाणं म्हणजे अविश्वास नाही, शुभवर्तमान लिहिणारा लूक स्वतः वैद्य होता. आणि तीनला जाग आलीच तर मोठमोठ्याने विजय कबूल करत बसू नकोस, एवढंच म्हण, प्रभू, मला भीती वाटतेय, तू जागा आहेस ना. प्रभूचा शिष्य पेत्र, त्याची परीक्षा व्हायच्या आधीच प्रभूने त्याला सांगितलं होतं की तुझा विश्वास ढळू नये म्हणून मी तुझ्यासाठी विनंती केली आहे. पेत्र त्या रात्री मी प्रभूला ओळखत नाही म्हणून तीनदा नाकारून बसला, पण ती विनंती वाया गेली नाही. तुझ्यासाठीही प्रभू ती करतोय.

पुढच्या रविवारी साक्षीला उठलीस तर हेच सांग जे मला लिहिलंस, मारल्याचं सोडून, ते मुलाचं आणि तुझं आहे. बाकी सगळं सांग. आणि खाली बसायच्या आधी विचार की डायलिसिसच्या दिवशी सासूबाईंसोबत बसायला कोण येऊ शकेल. वार आणि वेळ नीट सांग, नाहीतर सगळे फक्त प्रार्थना करू म्हणतील.