दमा आहे, तरी देणगीसाठी पळायचंय

"पोराला लहानपणापासून दमा आहे आणि आता तो लांबच्या शर्यती पळायला लागलाय. अडवू की पळू दे?" बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या कितीतरी आया मला हे विचारतात. प्रश्न एवढाच असेल तर त्याचं उत्तर छातीच्या डॉक्टरांकडे आहे, आणि ते बहुतेक वेळा "पळू द्या, पण औषध नीट घेऊन" असंच असतं. पॉला रॅडक्लिफला शाळकरी वयापासून दमा. तिने २००३ मध्ये लंडनला २ तास १५ मिनिटे २५ सेकंदांत मॅरेथॉन पूर्ण केली आणि तो जागतिक विक्रम २०१९ पर्यंत टिकला. आपण दम्यासाठी नियमित इन्हेलर घेतो, हेही तिने कधी लपवलं नाही.

माझ्या समुपदेशनाच्या खोलीत येणाऱ्यांची अडचण मात्र बऱ्याचदा छातीपुरती नसते. एका तरुणाची हकीकत सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत आणि लिहिण्याआधी त्याला विचारलं आहे.

तो राजहंसगडाच्या बाजूच्या एका खेड्यातला. उद्यमबागेत फौंड्रीत सुपरवायझर. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत त्याचे वडील गेले. बेडसाठी गाडी फिरवत असतानाच त्यांचा श्वास अपुरा पडत गेला आणि हा शेजारी बसून होता. पुढे गावातल्या तरुणांनी ठरवलं, ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे हवेतून ऑक्सिजन वेगळा करून देणारी मशीन, विकत घ्यायचे आणि गरजू घरांना वापरायला द्यायचे. याने पळून पैसे उभे करायचं अंगावर घेतलं. शेजारी, कामावरचे सोबती, निपाणीचे मामा, गोव्यात कामाला असलेले मित्र, सगळ्यांनी किलोमीटरमागे अमुक रुपये असा शब्द दिला. पल्ला होता अर्ध्या मॅरेथॉनचा, म्हणजे २१ किलोमीटर आणि वर थोडं.

आई त्याला घेऊन आली ती एका प्रसंगामुळे. थंडीतली पहाट होती, रस्त्याकडेच्या शेतात पाचट पेटवलेलं होतं, आणि सराव करताना तो मोरीच्या कठड्यावर बसून राहिला. छातीत शिट्टी वाजत होती. दूधवाल्याने दुचाकीवर बसवून घरी आणलं. खिशात इन्हेलरचा पंप होता, पण दूधवाल्यासमोर काढला नाही. "पंप ओढत पळणाऱ्याला पैसे कोण देणार, मॅडम?" असं तो म्हणाला. आणि त्याच्याही आधी, खुर्चीवर टेकता टेकता: "थांबायला तेवढं सांगू नका. बाकी काय सांगाल ते ऐकतो."

मी थांबायला सांगितलं नाही. धाप लागते तेव्हा मनात काय येतं, एवढंच विचारलं. बऱ्याच वेळाने म्हणाला, "बाबा असंच ओढत होते. त्यांना कुठं थांबता आलं? मग मी कसा थांबू?"

इथे मला वाचकांशी स्पष्ट बोलायचं आहे. लोक याला जिद्द म्हणतात, पाठ थोपटतात. मला त्यात न झालेला शोक दिसला. वडिलांसाठी काही करता आलं नाही याची शिक्षा तो स्वतःच्या छातीला देत होता, आणि दमा असलेल्या छातीला ही शिक्षा खरोखर महाग पडू शकते. जोरात पळताना आपण तोंडाने भराभर श्वास घेतो. थंड, कोरडी हवा श्वासनलिकांचा ओलावा ओढून घेते, आणि आधीच सूज असलेल्या नलिका आवळतात. त्यात धूर, धूळ आली की बघायलाच नको. त्रास पुष्कळदा पळणं थांबल्यावर पाच-दहा मिनिटांत सगळ्यात वाढतो. म्हणून "शेवटची रेघ ओलांडली की सुटलो" हा हिशोब दम्यात चुकतो.

त्याला आधी छातीच्या डॉक्टरांकडे पाठवलं. औषध ठरवणं हे माझं काम नाही. तिथे कळलं, तो वर्षानुवर्षं फक्त निळा पंप वापरत होता, तोही दुकानातून परस्पर घेऊन. निळा पंप आवळलेली नलिका तेवढ्यापुरती मोकळी करतो, आतली सूज तशीच राहते. दम्याच्या जागतिक मार्गदर्शक सूचनांनी २०१९ पासून मोठ्या माणसांना नुसत्या या पंपावर राहू नका असंच सांगितलं आहे. सूज उतरवणारं औषध वेगळं असतं, तेही पंपातूनच ओढायचं. "त्याची सवय लागते" म्हणून घरोघरी ते बंद केलं जातं, याचं मला फार वाईट वाटतं. त्याची मात्रा मायक्रोग्रॅममध्ये असते, ते थेट श्वासनलिकांत काम करतं आणि त्याचं व्यसन लागत नाही. घेतल्यावर चूळ भरायची, एवढं पथ्य. डॉक्टरांनी फुंकून करायची तपासणी पळण्याआधी आणि नंतर अशी दोनदा केली, फेटलिंगच्या, म्हणजे ओतलेले भाग घासून साफ करतानाच्या, धुळीबद्दल खोदून विचारलं, एक्स-रे काढला आणि कामावर नीट बसणारा मास्क घालायला लावला.

माझ्याकडे दुसरा धागा होता. धाप सगळी दम्याचीच नसते. भीतीचीही असते. तेव्हा बोटांना, ओठांभोवती मुंग्या येतात, सारखे उसासे येतात, श्वास पोटभर मिळत नाही असं वाटतं. दम्यात बहुधा शिट्टी, खोकला, छाती आवळणं, श्वास बाहेर सोडायला जड जाणं. याच्यात दोन्ही एकत्र होतं: शिट्टी सुरू झाली की वडिलांचा चेहरा, चेहरा दिसला की भीती, आणि भीतीने श्वास आणखी भराभर. डॉक्टरांनी पीक-फ्लो मीटर दिला होता, जोरात फुंकलं की हवा किती वेगाने बाहेर पडते ते तो मोजतो. त्याचा आकडा तो रोज वहीत लिहू लागला. वहीने आम्हाला पुष्कळ शिकवलं. फेटलिंगकडे पाळी असली की आकडा खाली, पाचट जाळायच्या दिवसांत खाली, भातमळणीच्या सुगीत खाली. आणि काही दिवस आकडा चांगला असूनही धाप लागलेली. त्या दिवसांवर आम्ही बसून बोललो. नियम मात्र पक्का: शंका आली तर आधी पंप, भीतीचा विचार नंतर.

मग थांबायचं कधी, हे घरी बसून, डोकं शांत असताना ठरवलं. शिट्टी ऐकू आली की चालायचं. पंप घेऊनही दहा-पंधरा मिनिटांत उतार नाही तर शर्यत सोडायची. वाक्य एका दमात पुरं होत नसेल, ओठ निळसर दिसत असतील, तर थेट १०८. हे कागदावर लिहून एक प्रत बरोबर पळणाऱ्या मित्राकडे दिली. धाप लागलेल्या माणसाने त्याच क्षणी शहाणपणाने निर्णय घ्यावा ही अपेक्षाच मला अन्यायाची वाटते.

सगळ्यात जड काम राहिलं होतं, देणगीदारांना फोन करणं. "मला दमा आहे, पंप घेऊन पळणार आहे, मध्ये थांबावंही लागेल. तुमचं काय?" असं सरळ विचारायचं. आठवडाभर त्याचा हात फोनकडे जाईना. शेवटी मामांना लावला. मामा म्हणाले, "पैसे मशीनला दिलेत की रे. तुझी पावलं मोजून देणार होतो व्हय?" बाकीचे थोड्याफार फरकाने तसंच बोलले. एकाने मात्र पूर्ण अंतर पळालास तरच देईन असं सांगितलं. त्याला फार लागलं ते. त्या रकमेवर आम्ही पाणी सोडलं. असा एखादा दाता असणारच, आणि त्याच्यासाठी छाती पणाला लावायची नाही, हे त्याला मान्य व्हायला वेळ लागला.

वहीतले आकडे बघून त्याने त्या हिवाळ्यातली शर्यत सोडली आणि धूर, सुगी संपल्यावरची दुसरी निवडली. आधी बराच वेळ वेग बदलत अंग तापवलं, तोंडावर रुमाल घेतला, डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे पंप सगळ्यांसमोर ओढला. चौदाव्या किलोमीटरला शिट्टी आली. चालला, पंप घेतला, पुन्हा पळाला, सतराव्याला परत आली. मित्राने कागद दाखवला. हा रडला, पण गाडीत बसला.

एक मशीन त्या पैशांत आलं. सध्या ते गल्लीतल्या एका आजींकडे आहे.

आईने बूट लपवून ठेवायचं बंद केलंय. "जाऊ नको" याच्याऐवजी ती आता "सकाळचं औषध घेतलंस काय? आकडा किती आला?" एवढं विचारते. अशा घरांतल्या आयांना मी हेच दोन प्रश्न सुचवते, कारण "जाऊ नको" म्हटलं की मुलं पळायचं थांबवत नाहीत, त्रास सांगायचं थांबवतात.

यंदा तो दहा किलोमीटर पळणार आहे. वडिलांच्या त्या रात्रीबद्दल आमचं बोलणं अजून अर्ध्यावरच आहे. गाडीतल्या त्या शेवटच्या तासापाशी आला की तो विषय बदलतो, आणि मी बदलू देते.