कागलची मशीन शॉप सीमेपलीकडे न्यावी का? – माझा अनुभव

तुमची पोस्ट वाचली आणि नऊ वर्षांपूर्वीचे माझे दिवस आठवले. 'कर्नाटक पुढे चाललंय, इथली वीज परवडत नाही, कागलची शॉप कणगल्याला हलवू का?' हा तुमचाच प्रश्न घेऊन मीही फिरत होतो. (कणगला म्हणजे सीमेपलीकडचं, बेळगाव जिल्ह्यातल्या हुक्केरी तालुक्यातलं गाव.) जागा, कर्ज, नोंदणी हे तुम्ही बघितलंच असेल, त्यावर लिहीत नाही.

आधी राज्याराज्यांच्या तुलनेबद्दल. महाराष्ट्राचं स्थूल उत्पन्न देशात पहिलं, 2023-24 मध्ये साधारण 40 लाख कोटी. दरडोई उत्पन्नात मात्र कर्नाटक वरचढ आहे. पण त्या राज्याच्या उत्पन्नातला एक तृतीयांशाहून जास्त वाटा एकट्या बंगळूरचा. तिथल्या प्रादेशिक असमतोलावरच्या नंजुंडप्पा समितीने 2002 मध्ये कर्नाटकच्या 175 पैकी 114 तालुके मागास ठरवले होते. आपल्याकडेही मुंबई-ठाणे-पुणे वगळलं की चित्र बदलतंच. त्यामुळे तुम्ही बंगळूरला नाही, हुक्केरी तालुक्यात जाताय, हे धरून हिशेब करा.

माझी चूक सांगतो. मी फक्त विजेच्या युनिटचा दर बघितला. तो कमी होता, खोटं नाही. पण डिमांड चार्ज (युनिटशिवाय वीजभारावर लागणारा आकार) धरला नाही, आणि हवा तेवढा लोड, म्हणजे वीजभार, त्या फीडरवर (वीजवाहिनीवर) शिल्लक आहे का, हे लेखी घेतलं नाही. एका कार्यालयात (नाव घेणार नाही, तिथली माणसंही आता बदलली) 'होऊन जाईल' असं तोंडी सांगितलं, त्यावर मी शेड बांधली, दोन व्हीएमसी (संगणकावर चालणारी कटाईची यंत्रं) उतरवले. मग अकरा महिने हेलपाटे. साहेब बैठकीला, फाईल वर गेलीय, नवीन अर्ज द्या, जुना सापडत नाही. तेवढे महिने जनरेटरवर मशीन चालवली. स्वस्त विजेसाठी गेलो आणि डिझेल जाळत बसलो. हप्ता मात्र एकही थांबला नाही. बायकोचे दागिने त्या वर्षी गहाण पडले, ते आजही मनाला लागतं.

म्हणून लोड मंजुरीचं पत्र हातात आल्याशिवाय पाया खणू नका. कुणी कितीही ओळखीचा असला तरी.

माझं मत विचाराल तर, इंडक्शन फर्नेस (विजेवर धातू वितळवायची भट्टी) असेल तर विजेचा दर खरंच जीव काढतो, त्यांनी जरूर विचार करावा. तुमचं काम मशिनिंगचं आहे. तुमचा खरा आधार कोल्हापूरजवळच्या शिरोली-गोकुळ शिरगावच्या फौंड्र्या (ओतकामाचे कारखाने), पॅटर्नवाले (ओतकामाचे नमुने करणारे), हीट ट्रीटमेंटवाले. कास्टिंगमध्ये (ओतीव भागात) ब्लो होल, म्हणजे हवेची पोकळी, निघालं तर आज तासाभरात परत पाठवता. सीमा ओलांडली की जॉबवर्कच्या (दुसऱ्याच्या मालावर मजुरीने केलेल्या कामाच्या) मालाला, किंमत कितीही कमी असो, ई-वे बिल (माल वाहतुकीचा जीएसटीचा ऑनलाइन कागद) लागतंच. जीएसटीची नोंदणी वेगळी, रिटर्न वेगळी. माझ्या हिशेबनिसाचा पगारच वाढला. अर्थात गिऱ्हाईक बेळगावच्या उद्यमबागचं किंवा हत्तरगीच्या विमानभागांच्या सेझमधलं (विशेष आर्थिक क्षेत्रातलं) असेल तर गणित उलटं होईल.

विजेचे दर दोन्हीकडचे वीज नियामक आयोग बदलत असतात, माझे आकडे जुने झालेत. ताजे आदेश काढून, तुमचं गेल्या बारा महिन्यांचं बिल दोन्ही दरांनी मांडून बघा. मी सीए नाही, करासाठी तुमच्या माणसाला विचारा.

बाकी, बिल मांडून झालं की इथं टाका, मी बघतो.