5 पट मॅग्निफिकेशनला (वस्तू सेन्सरवर पाचपट मोठी उमटते तेव्हा) फोटोचे उजवे कोपरे मऊ, म्हणजे अस्पष्ट येतात, लेन्स परत करू का?

इतक्यात नको. मधला भाग चांगला आणि एकाच बाजूचे कोपरे मऊ म्हटल्यावर माझा पहिला संशय मांडणीवर जातो. वर तुम्ही निकाल लावलाय एकाच फोटोवरून, तोही छापील चार्टच्या. 600 डीपीआयच्या छपाईत (इंचाला 600 ठिपके) एक ठिपका साधारण 42 मायक्रॉनचा. तुमची लेन्स 2 मायक्रॉनच्या आसपासचा तपशील वेगळा करू शकते. अशा वेळी फोटोत कागदाचे धागे दिसतात, लेन्सचे गुणदोष नाहीत. लेन्स किती बारीक रेषा वेगळ्या दाखवते ते मोजायचा काचेवरचा यूएसएएफ 1951 चार्टही इथे फार कामाचा नाही. नेहमीच्या चार्टची शेवटची पायरी मिलिमीटरला 228 रेषाजोड्यांची (एक काळी, एक पांढरी मिळून जोडी), आणि ती बेताची लेन्सही सहज पार करते. सिलिकॉन वेफरचा, म्हणजे ज्या चकतीवर चिप बनवतात तिचा, तुटका तुकडा घ्या. सपाट असतो, बारीक नक्षी कोपऱ्यापर्यंत भरलेली असते. धूळ ब्लोअरने उडवा, कापड लावू नका.

आता कल. 5 पटीला एफ/2.8 (लेन्सच्या छिद्राचा आकडा; आकडा मोठा तितकं छिद्र लहान) प्रत्यक्षात एफ/16.8 होतं, कारण आकड्याला 1 अधिक मॅग्निफिकेशनने गुणायचं असतं. फोकसची जाडी उरते जेमतेम 25 मायक्रॉन. एपीएस-सी आकाराच्या कॅमेरा सेन्सरवर वस्तूचा 4.7 मिलिमीटर रुंद तुकडा मावतो. वेफर 0.3 अंश कलला तरी दोन टोकांत 25 मायक्रॉनचा फरक पडतो, म्हणजे सगळी जाडी तिथेच संपली. हा कल नुसत्या डोळ्यांना दिसत नाही.

म्हणून एक फोटो न काढता अख्खा स्टॅक, म्हणजे फोकस थोडा थोडा सरकवत फोटोंची मालिका, काढा: 5 मायक्रॉनची पायरी, 40 फ्रेम. खोली अंधारी, उजेड फक्त फ्लॅशचा, तोही कमी पॉवरवर, म्हणजे लखलखाट छोटा राहतो आणि शटरचा हादरा फोटोत उतरत नाही. रॉ फाइल, शार्पनिंग शून्य, लेन्स करेक्शन बंद. मग मध्य आणि चार कोपरे अशा पाच जागी सर्वांत धारदार फ्रेम कितवी, ते टिपा.

मध्य 20, डावे कोपरे 14, उजवे 26 आले तर तो निव्वळ कल: 60 मायक्रॉन, सुमारे पाऊण अंश. एका कडेखाली कागदाची पट्टी सरकवा आणि पुन्हा काढा. चारही कोपरे 28 वर आले तर फोकसचं प्रतलच वाकडं आहे. सपाट वस्तूला ते नडतं, किड्याच्या डोळ्याचा स्टॅक करणाऱ्याला त्याचं काही नाही. एखादा कोपरा 40 पैकी एकाही फ्रेममध्ये धारदार झाला नाही, तर वेफर 180 अंश फिरवून पुन्हा स्टॅक घ्या. मऊपणा फ्रेमच्या त्याच कोपऱ्यात राहिला, तर लेन्समधली एखादी काच मध्यावरून सरकलेली असण्याची शक्यता मोठी. मग खुशाल परत करा. धारदार जागेच्या पुढच्या-मागच्या फ्रेममध्ये कडांवर हिरवी-जांभळी झाक येते का, तेही याच स्टॅकमध्ये बघून घ्या.

आता कोणीतरी सांगेलच, "एफ/16 लावा, कोपरेही येतील." असं छातीठोक सांगणाऱ्या एका गृहस्थांशी माझा जुना वाद आहे, आणि ते अजून ऐकत नाहीत. 5 पटीला एफ/16 म्हणजे प्रत्यक्षात एफ/96. इतक्या बारीक छिद्रातून प्रकाश पसरतो, त्यामुळे हिरव्या प्रकाशात एका बिंदूची चकती सेन्सरवर सुमारे 129 मायक्रॉनची होते आणि 4 मायक्रॉनच्या पिक्सेलवर तिशीपेक्षा जास्त पिक्सेल व्यापते. कोपरे मध्याइतके दिसायला लागतात ते मध्यही तेवढाच मऊ झाल्यामुळे. याला ते "एकसमान शार्पनेस" म्हणतात!

एक राहिलं: गुणाकाराचं हे सूत्र साधारण सममित लेन्सचं. उलटी लावलेली वाइड लेन्स असेल तर प्युपिल रेशो (लेन्सच्या मागून आणि पुढून दिसणाऱ्या छिद्रांच्या आकाराचं गुणोत्तर) धरावा लागतो, आकडे बदलतात. आणि दोन लेन्सची तुलना करणार असाल तर दोन्हींचं मॅग्निफिकेशन आधी मिलिमीटरच्या पट्टीचा फोटो काढून मोजा. लेन्सच्या नळीवर छापलेला आकडा धरू नका.