वाचकांचे प्रश्न : बर्फावरची हॉकी आणि सरकारी नोकरी

प्रश्न : आमच्या भुसावळात खेळाच्या जोरावर रेल्वेत लागलेले लोक आहेत. आइस हॉकीतले पहिले व्यावसायिक खेळाडू नुसत्या खेळावर घर चालवत, की त्यांनाही नोकरी लागे?
– एक वाचक, भुसावळ

उत्तर : लागे. मोसमच जेमतेम दोन-अडीच महिन्यांचा. बर्फ थंडीनेच गोठलेला. आपल्याकडे कूलरच्या वाळ्याच्या ताट्या बदलायची वेळ येते, त्या मार्चात तिकडे कॅनडात बर्फावर पाणी चढायचं, खेळायची रबरी चकती जागीच रुतायची. वर्षाला दहा-बारा, फार तर वीस-पंचवीस सामने, संपलं.

फ्रेड ‘सायक्लोन’ टेलर पाहा. 1906 मध्ये तो अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात हॉटन गावी पैसे घेऊन खेळू लागला. तिथला संघ ज्या लीगमध्ये खेळे, ती उघडपणे व्यावसायिक असलेली पहिलीच. 1907 मध्ये बंद पडली. कॅनडातल्या ऑटावाच्या संघाने बोलावलं तेव्हा त्याला मानधनाबरोबर इमिग्रेशन खात्यात नोकरीही मिळाली. 1909 च्या अखेरीस रेनफ्रू या लहानशा गावातल्या धनिकाने 12 सामन्यांचे 5,250 डॉलर मोजले, म्हणजे सामन्याला साधारण 437. दोन मोसमांत तो संघही गुंडाळला. टेलरवरचा हक्क माँट्रियलच्या वाँडरर्स संघाकडे गेला, हा तिकडे जाईना, आणि 1911-12 चा जवळजवळ अख्खा मोसम बसून काढावा लागला. खात्यातली नोकरी मात्र होती. 1912 मध्ये व्हँकुव्हरला गेला, तिथेही नोकरी सोडली नाही. 1914 मध्ये पंजाबी प्रवाशांचं ‘कोमागाता मारू’ जहाज तिथल्या बंदरात अडवलं, तेव्हा जहाजावर चढलेल्या इमिग्रेशन अधिकाऱ्यांत हाच टेलर होता. त्याच्या गोलांच्या कौतुकात ही गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. पुढच्याच वर्षी व्हँकुव्हरने स्टॅन्ली कप, म्हणजे तिकडचा हॉकीतला सर्वांत मानाचा चषक, जिंकला.

प्रश्न : तेव्हा संघात सात जण असत म्हणे. सातवा काय करायचा?
– एक वाचक, अमळनेर

उत्तर : त्याला रोव्हर म्हणत. ठरलेली जागा नाही. चकती जिथे, तिथे तो. पुढे पास द्यायला मनाई होती, त्यामुळे चकती काठीला चिकटवून स्वतःच पळवायची, नाहीतर मागच्याला द्यायची. म्हणून वेगवान पायांना एवढा भाव. कॅनडाच्या पूर्वेकडच्या संघमालकांनी 1911-12 पासून सातवा काढून टाकला, कारण एक पगार वाचत होता! टेलर जिच्यात खेळायला गेला, त्या पश्चिमेच्या लीगने तो 1922 पर्यंत ठेवला, शिवाय 1913-14 पासून मैदानाच्या मधल्या पट्ट्यात पुढे पास द्यायला मोकळीक दिली.

प्रश्न : व्हँकुव्हरला फार थंडी नसते, मग बर्फ कसा टिकायचा?
– एक वाचक, चोपडा

उत्तर : बर्फाच्या लाद्यांच्या कारखान्यात टिकतो तसाच. अमोनियाने गार केलेलं खारं पाणी शून्याखालीही गोठत नाही. ते जमिनीखालच्या नळ्यांतून फिरवायचं आणि वर साध्या पाण्याचे पातळ थर एकावर एक गोठवायचे. एकदम जाड थर ओतला तर तो तडकतो. पश्चिमेची लीग काढणाऱ्या पॅट्रिक बंधूंनी असं सभागृह तिथे 1911 मध्ये बांधलं.