शेवटचा अल्बम कोणता, ‘लोडेड’ का ‘स्क्वीझ’?

प्रश्न: दादा, मी लातूरला कॉलेजला आहे. आमच्या रूमवर आठ दिवसांपासून एकच वाद चालू आहे. व्हेल्वेट अंडरग्राउंड या अमेरिकन रॉक बँडचा शेवटचा अल्बम ‘लोडेड’ असं मी म्हणायलोय, रूममेट म्हणतो नाही, १९७३ चा ‘स्क्वीझ’. कोण बरोबर? आणि ‘स्क्वीझ’ ऐकावा का?
– एक वाचक, लातूर

उत्तर: कागदावर बघितलं तर तुझा रूममेट बरोबर आहे रे, बँडच्या नावानं निघालेला शेवटचा स्टुडिओ अल्बम ‘स्क्वीझ’च. पण पहिल्या अल्बमवर वाजवणाऱ्या चौघांपैकी त्यात एकही माणूस नाही. जॉन केल १९६८ लाच बँड सोडून गेला, गाणी लिहिणारा-गाणारा लू रीड १९७० ला, गिटारवाला स्टर्लिंग मॉरिसन १९७१ ला, आणि ड्रमवाली मो टकर पण त्यात नाही. राहिला एकटा डग यूल, केलच्या जागी आलेला, गाणी त्याचीच, आवाज त्याचाच, आणि ड्रमवर चक्क डीप पर्पल या इंग्लिश बँडचा इयन पेस. म्हणून मी तुझ्या बाजूनं, बँडचा शेवटचा अल्बम ‘लोडेड’, नोव्हेंबर १९७०.

मी औरंगाबादला हॉस्टेलवर असताना एका मित्रानं पुण्याहून त्याची कॉपी केलेली सीडी आणली होती, कव्हर म्हणजे झेरॉक्स. न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेचा जिना आणि त्यातून वर येणारा धूर, तो धूर गुलाबी आहे हे मला कितीतरी वर्षांनी कळलं, तोपर्यंत माझ्यासाठी तो काळाच. रेकॉर्ड कंपनीला हिट गाण्यांनी ‘लोडेड’ अल्बम पाहिजे होता, नाव तिथूनच आलं, आणि ‘स्वीट जेन’, ‘रॉक अँड रोल’ सारखी गाणी खरंच तशी आहेत, एकदा ऐकली की दिवसभर डोक्यातून जात नाहीत.

पण या अल्बमवर माझी एक तक्रार आहे, लई जुनी, आणि ती ड्रमची. मो टकर बसून वाजवायची नाही. मोठा बास ड्रम आडवा टाकून, उभं राहून, गोळ्याच्या काठ्यांनी ठोकायची, झांज जवळजवळ नाहीच. आपल्याकडं हलगीवाला उभ्यानं एकच ठेका धरून बसतो आणि बाकीच्यांनी काय करायचं ते करा, तसंच. ‘लोडेड’च्या वेळी ती गरोदर होती म्हणून स्टुडिओत आलीच नाही, कव्हरवर नाव मात्र तिचंच. वाजवलं कोणी, तर कधी डग यूलनं, कधी त्याचा भाऊ बिली, कधी रेकॉर्डिंग इंजिनिअर एड्रियन बार्बर, शिवाय बाहेरचा एक ड्रमर. सप्ताहात नेहमीचा मृदंगवाला आला नाही की दोघंतिघं आळीपाळीनं बसतात ना, अभंग तोच असतो, गाणारे तेच, पण टाळकऱ्यांना पहिल्या ओळीतच कळतं. तू एक कर, १९६९ च्या तिसऱ्या अल्बममधलं ‘व्हॉट गोज ऑन’ लाव आणि लगेच ‘रॉक अँड रोल’ लाव, इअरफोनवर, डोळे मिटून, फक्त ड्रम ऐक. मी काय म्हणतोय ते कळेल.

रीडचं तर अल्बम बाजारात यायच्या आधीच संपलं होतं. त्या उन्हाळ्यात ते न्यूयॉर्कच्या मॅक्सेस कॅन्सस सिटी नावाच्या क्लबात वाजवायचे, २३ ऑगस्टला तो शेवटचा वाजवला आणि आईबापाकडं लाँग आयलंडला निघून गेला. ‘स्वीट जेन’ गाणं मधला एक तुकडा कापूनच बाहेर आलं, १९९७ च्या आवृत्तीत तो परत जोडलाय, तीच ऐक. कोणी कापला यावर रीड एक सांगायचा आणि यूल दुसरंच.

आता ‘स्क्वीझ’. लोक यूलला शिव्या घालतात ते मला पटत नाही. ‘लोडेड’ उघडतो तो यूलच्या आवाजात आणि संपतो पण यूलच्याच आवाजात, शेवटचं ‘ओह! स्वीट नथिंग’, सात मिनिटांच्या वर, रीडनं लिहिलेलं पण गायलंय यूलनं, आणि एवढं थकलेलं तरी मायेनं गायलेलं गाणं या बँडकडं दुसरं नाही. तेव्हा ‘स्क्वीझ’ जरूर ऐक, डग यूलचा अल्बम म्हणून ऐक, पण त्याच्या आधी रूममेटला शेजारी बसवून हे एक गाणं पूर्ण लाव, मधे कोणाचा फोन आला तरी बंद करू नको.