सटीच्या दिवशी बीपी कोण बघणार?

प्रश्न : आम्ही वाळपईजवळ राहतो. वहिनीला ३४वा आठवडा चालू आहे. बीपी वाढल्यामुळे गोळ्या सुरू आहेत, तपासणी बांबोळीच्या सरकारी इस्पितळात. तिला माहेरी आई नाही, भाऊ वेर्ण्याला पाळीत कामाला. आमची आई म्हणते, मीठ बंद करू आणि तिला खाटेवरून उतरू द्यायचे नाही. घरच्यांनी नेमके काय करावे?
— एक नणंद

उत्तर : आईंचे दोन्ही उपाय नकोत. मीठ तोडून हे बीपी उतरत नाही. अळणी पेज मात्र नकोशी होते आणि खाणे कमी पडते. खारे, पापड, लोणचे रोज ताटात नको, एवढे पुरे. सतत आडवे राहिल्याने पायात रक्ताची गाठ होण्याचा धोका वाढतो. डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर घरात हिंडू द्या. पाणी भरणे, धुणे, वाटप तुम्ही उचला. लोहाची आणि कॅल्शियमची गोळी एकत्र देऊ नका, मध्ये २ तास जाऊ द्या. लोहाच्या गोळीवर चहाही नको.

खरे काम आहे मोजण्याचे. दंडाला बांधायचे यंत्र घ्या, मनगटाचे नको. पट्टा दंडाच्या घेराला पुरायला हवा; आखूड पट्टा आकडा फुगवतो. वहिनी लघवीला जाऊन आली की पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून ५ मिनिटे बसू दे. हात छातीच्या उंचीला टेबलावर, आणि मोजताना गप्पा बंद. डाव्या कुशीवर निजवून उजव्या दंडावर मोजले तर आकडा खोटाच कमी येतो आणि घर उगाच निर्धास्त होते. सकाळ-संध्याकाळ आकडे वहीत लिहा, वही तपासणीला न्या.

१४०/९० किंवा त्यावर गेले तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. वरचा आकडा १६० किंवा खालचा ११० आला तर १५ मिनिटांनी पुन्हा मोजा. तसाच राहिला तर १०८ला फोन. बांबोळी गाठेपर्यंत तास सहज जातो, त्यामुळे भाऊ पाळीवरून येईपर्यंत थांबू नका. न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे काजवे, उजव्या बरगडीखाली कळ, बाळाची हालचाल मंदावणे, यांतले काहीही दिसले तर आकडा चांगला असला तरी निघायचे. बरगडीखालच्या कळीला घरोघरी गॅस समजून ओवा दिला जातो, आणि वेळ जातो तो तिथेच.

बाळंतपण झाले की सगळे बाळाभोवती जमतात आणि यंत्र कपाटात जाते. पण बीपी बहुधा ३ऱ्या ते ६व्या दिवसात सर्वांत वर चढते. म्हणजे सटीचे जागरण, पाहुणे, स्वयंपाक आणि हा धोका एकाच वेळी! त्या दिवशी यंत्र कोणाच्या हाती, हे आजच ठरवा. तुम्हीच घ्या. जागरण घरच्यांनी करावे, बाळंतिणीने झोपावे. डॉक्टर सांगेपर्यंत गोळ्या बंद करू नका. ६ आठवडे वरच्या लक्षणांवर नजर हवी.

प्रश्न : नात १.९ किलोची, नुकतीच घरी आणली आहे. तेल लावून आंघोळ घालू का? मध चाटवू का?
— एक आजी, पेडणे

उत्तर : मध वर्षभर नाही, पाणी-गुटी ६ महिने नाही. आंघोळ व मालीश डॉक्टर हो म्हणेपर्यंत थांबवा, कोमट ओल्या कापडाने पुसा. हिला हवी ती ऊब. लंगोट, टोपी, मोजे एवढेच घालून आईच्या उघड्या छातीवर उभी धरा, वरून दोघींना पांघरा. आई जेवायला-आंघोळीला गेली की बाबाने किंवा तुम्ही असेच धरावे. दूध दिवसा-रात्री २ ते ३ तासांनी. ओढायचा कंटाळा केला तर आईचेच दूध पिळून वाटी-चमच्याने. बाटली नको.

पोट आणि तळपाय हाताच्या पाठीने चाचपा. पोट ऊबदार, पाय गार म्हणजे थंडी लागायला लागली, लगेच छातीशी घ्या. पोटही गार, दूध ओढेना, किंवा शांत असताना श्वास मिनिटाला ६० किंवा जास्त, तर दवाखाना. श्वास पूर्ण मिनिटभर मोजा. लहान बाळाचा श्वास मधूनच थबकतो, अर्धे मिनिट मोजून दुप्पट केल्यास चुकते.