थोडं दिसतंय, मग काठी कशाला?

"अजून दिसतंय ना त्यांना! आत्तापासून काठीची सवय लावली तर उरलीसुरली नजरही जाईल." नजर कमी होत चाललेल्यांना पांढरी काठी आणि फोन वापरायला शिकवताना हे वाक्य मी बऱ्याच बायकांच्या, आयांच्या तोंडून ऐकलंय.

त्यातल्याच एकीचे हे यजमान चाळिशीतले, पतसंस्थेत नोकरीला. (ओळख लपवायला तपशील बदललेत.) आजार रेटिनायटिस पिगमेंटोसा. यात बहुधा आधी रातांधळेपणा येतो, मग कडेची नजर आटत जाते. समोरचं बरीच वर्षं दिसतं, पण नळीतून बघावं तसं. म्हणून माणूस पेपर वाचतो आणि दारातल्या बादलीला अडखळतो. गल्लीत कुजबुज होती की हे संध्याकाळी पिऊन येतात. बायको रोज सातला कोपऱ्यावर जाऊन उभी राहायची.

पहिल्याच भेटीत मी घडीची पांढरी काठी त्यांच्या हातात दिली. घाई माझीच. ती टेबलावर ठेवून ते गेले, ते दोन महिने फिरकले नाहीत.

परत आले ते फोनसाठी. एसटीत अंधारात शंभराची समजून पाचशेची नोट दिली होती. रिझर्व्ह बँकेचं 2020 सालचं 'मनी' ॲप त्यांना दाखवलं. कॅमेऱ्यासमोर नोट धरली की ते रक्कम बोलतं, नेट नसलं तरी. मग टॉकबॅक, म्हणजे स्क्रीनवरचं वाचून दाखवणारी फोनमधली सोय, शिकले: बोट टेकवलं की फोन नाव सांगतो, दोनदा टिचकी मारली की उघडतो. पहिल्याच दिवशी फोनने वीजबिल थकल्याचा मेसेज खणखणीत आवाजात वाचला. आम्ही तिघंही हसलो. तेव्हापासून इअरफोन, तोही एकाच कानात. दुसरा रस्त्यासाठी मोकळा.

बायकोची शंका तशीच होती. तिला म्हटलं, ताई, हा आजार डोळ्यातल्या पडद्याच्या पेशींचा. काठी धरली म्हणून तो वाढत नाही, आणि न धरता थांबतही नाही. अक्षर मधल्या नजरेनं वाचता येतं, पण पायरी चालता चालता कडेच्या नजरेला कळते. ती कडच गेलीय.

ती काहीच बोलली नाही. त्यांनीच विचारलं, "ती काठी आहे का अजून?"

आवारात सराव सुरू झाला. डावा पाय पुढे पडताना टोक उजवीकडे, उजवा पडताना डावीकडे. पहिले आठ दिवस पाय आणि हात यांचं भांडणच चाललं होतं.

हल्ली संध्याकाळी ते एकटे घरी येतात. पिण्याची कुजबुज थांबली. आता लोक वाट सोडतात, कधी नको तेवढी. सासुरवाडीला मात्र काठी अजून पिशवीतच असते. मी त्यावर काही बोलत नाही.